बावटा लागल्यावर

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'आपली रत्नागिरी : काल आणि आज'. मी पडलो हार्डवेअरचा दुकानदार. एवढा मोठा विषय माझ्या टेपात मावायचा नाही. म्हणून त्यातला एक तुकडा कापून घेतो. तो तुकडा म्हणजे वादळ. वादळ येणार असं कळल्यावर आपलं गाव काय करतं, आणि ते पुरेसं होतं का, एवढंच बोलणार आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे. ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कोणी मध्येच चहाला उठणार नाही.

तुम्ही म्हणाल, डिसेंबर आला, पहाटे शाल घ्यावी लागते, आंब्याच्या मोहोराच्या गप्पा चालल्यात, आणि हा वादळ कुठलं काढतो? तिथूनच सुरुवात करू. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे होते, आवर्त आणि प्रत्यावर्तही होते. आकृत्या आपण सगळ्यांनी काढल्या, बाणांना पैकीच्या पैकी गुण घेतले. पण त्या धड्यामुळे असो किंवा आपल्या अनुभवामुळे, वादळ म्हणजे पावसाळा अशी एक गाठ डोक्यात बसली. खरं तर चक्रीवादळाला ऐन पावसाळा मानवत नाही. त्याला गरम समुद्र लागतो, साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर. आणि वरच्या हवेतलं वारं फार जोराचं चालत नाही, कारण ते वादळाचा शेंडाच उडवून नेतं. जुलै-ऑगस्टात वरचे वारे जोरात असतात, म्हणून वादळ उभं राहू शकत नाही. अरबी समुद्राचे वादळाचे दिवस दोन. एक मे-जून, पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर. दुसरे ऑक्टोबर ते डिसेंबर, पाऊस परत गेल्यावर. म्हणजे आपण ज्याला थंडीची चाहूल म्हणतो, तेही वादळाचेच दिवस.

या दोन हंगामांत फरक काय, हे मी भूगोलात नाही, दुकानाच्या गल्ल्यावर बसून शिकलो. मे-जूनचं वादळ येतं तेव्हा बहुतेक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात. हंगाम संपत आलेला असतो किंवा संपलेला असतो. तेव्हा जे जायचं ते जमिनीवरचं जातं : कौलं, पत्रे, माड, पोफळी, विजेचे खांब. थंडीच्या तोंडावरचं वादळ येतं तेव्हा मासेमारी ऐन भरात असते. मिरकरवाड्याच्या नौका खोल समुद्रात, जाळी पाण्यात, आणि माणसं त्या जाळ्यांजवळ. त्या वादळात जातात ती माणसं.

२००९ सालचं 'फयान' आठवा. दिवाळी होऊन तीन-साडेतीन आठवडे झाले होते. ९ नोव्हेंबरला अरबी समुद्राच्या दक्षिण भागात ते तयार होऊ लागलं, दहा-अकराच्या दरम्यान त्याचं चक्रीवादळ झालं, आणि ११ नोव्हेंबरला दुपारी त्याने अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनारा ओलांडला. जन्मल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत दोन दिवस. वाऱ्याचा वेग नंतरच्या वादळांच्या मानाने फार नव्हता, ताशी पंचाऐंशी किलोमीटरच्या आसपास. पण ते आपल्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर, दक्षिणेकडून वर चढत गेलं. म्हणजे सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, जिथे जिथे नौका पसरल्या होत्या त्याच पाण्यातून. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी खलाशी परत आले नाहीत.

त्या दिवशी माझ्या दुकानात काय विकलं गेलं, ते मला चांगलं आठवतं, कारण वेगळं असं काहीच विकलं गेलं नाही. रंगाचे डबे, नळाच्या तोट्या, किलोभर खिळे. नेहमीचा बुधवार. ताडपत्री मागायला कोणी आलं नाही, दोरीचं एक भेंडोळं हललं नाही. दुकानदाराला गावाची नाडी कळते म्हणतात. त्या दिवशी गावाची नाडी अगदी संथ होती, आणि वादळ दाराशी होतं. बंदरावर बावटा लागतो हे सगळ्यांना माहीत. पण बावटा दिसतो तो किनाऱ्यावर असलेल्याला. जो चाळीस-पन्नास मैल बाहेर आहे, त्याला तो कसा दिसणार? रेडिओ असला तर कळणार, तोही चालू असला तर, आणि ऐकणाऱ्याने अर्ध्या जाळ्यात मासळी असताना परत फिरायचं ठरवलं तर. डिझेलचा खर्च डोक्यावर असलेल्या तांडेलाला ते ठरवणं सोपं नसतं. आपण किनाऱ्यावर बसून त्याला शहाणपण शिकवू नये.

तिसऱ्या दिवशी राजिवड्यातले दोघेजण बॅटरीचे सेल घ्यायला आले. रात्री किनाऱ्याने शोधत जायचं होतं. मी पैसे घेतले नाहीत, त्यांनी ते ठेवलेच. त्यांना माझी सहानुभूती नको होती, सेल हवे होते. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की आहे. तयारी ही वादळाआधी विकली जाणारी वस्तू आहे. वादळानंतर जे विकलं जातं त्याला दुसरं नाव आहे.

आता दुसरा दिवस सांगतो. ३ जून २०२०, तोही बुधवार. 'निसर्ग'. वादळांना नावं देणाऱ्या देशांची नवी यादी तेव्हा नुकतीच तयार झाली होती, आणि त्या यादीतलं हे पहिलं नाव, बांगलादेशाने सुचवलेलं. या वेळी गावाची नाडी दोन दिवस आधीपासून उडत होती. हवामान खात्याची पद्धत आता बहुतेकांना पाठ झाली आहे : ७२ तास आधी पहिली चाहूल, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी, आणि अगदी जवळ आलं की लाल. टाळेबंदीचे दिवस होते. दुकान उघडायला ठरलेले तास. त्या तासांत माझ्याकडून काय गेलं याची यादी ऐका, कारण गावाची तयारी म्हणजे प्रत्यक्षात हीच यादी असते : ताडपत्री, किलोवारी नायलॉनची दोरी, बाइंडिंगची तार, पत्र्याचे हुक आणि त्यांचे रबरी वायसर, एम-सील, कोयते, करवती, मेणबत्त्या, सेल. दुपारपर्यंत ताडपत्री संपली. संध्याकाळी लोक सिमेंटची रिकामी पोती मागत होते, वाळू भरून पत्र्यावर ठेवायला.

त्याच वेळी बाहेर सगळं चाललेलं होतं. एनडीआरएफच्या तुकड्या कोकणात आल्या होत्या. किनाऱ्यावरच्या कच्च्या घरांतली माणसं शाळांमध्ये, नातेवाइकांकडे हलवली जात होती. त्यात करोना, म्हणजे एका वर्गात जिथे चाळीस माणसं झोपवली असती तिथे निम्मीसुद्धा झोपवायची नाहीत.

'निसर्ग' दुपारी श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, ताशी एकशे दहा-वीस किलोमीटरच्या वाऱ्याने. रत्नागिरी शहर थोडक्यात सुटलं. आपल्या वाट्याला आलेली मोठी खूण म्हणजे 'बसरा स्टार'. भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागलेलं ते जहाज. त्यावरच्या खलाशांना सुखरूप काढलं. जहाज मात्र तिथेच अडकून पडलं, आणि पुढे काही वर्षं मुंबईहून येणारे पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत राहिले. दापोली-मंडणगडला मात्र फोटो काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. पन्नास-पन्नास वर्षांचे माड, पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. नारळाचं रोप आज लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं, हे बागायतदाराला सांगायला नको. पत्रा दुसऱ्या दिवशी विकत मिळतो, माड मिळत नाही.

पुढच्याच वर्षी, १६ मे २०२१ला, 'तौक्ते'. ते आपल्याला न धडकता समोरून गुजरातकडे गेलं. पण वाटेत त्याने आपल्याला एक धडा शिकवला, तो तुम्हाला सांगतो, कारण तो प्रत्येक घराच्या कामाचा आहे. वादळाचा वारा आपल्याकडे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. वादळ दक्षिणेकडून समुद्रातून वर येत असताना आपल्याला आधी वारा लागतो आग्नेयेकडून, म्हणजे जमिनीच्या बाजूने. ते समोर आलं की दक्षिणेकडून. पुढे सरकलं की नैऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून. आता आपली घरं बघा. वाडवडिलांनी पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा बघून बांधलेली. त्या बाजूला पडवी, त्या बाजूला झापांचा आडोसा, भिंतही तिकडची जाड. झाडांची मुळंसुद्धा त्याच वाऱ्याशी झुंजत वाढलेली. आणि वादळ पहिला हात मारतं तो मागच्या बाजूने, जिथे न्हाणीघराचे पत्रे नुसते चिरे ठेवून दाबलेले असतात. तेव्हा पुढचं दार बांधून मागची बाजू विसरू नका. पत्र्यावर सुटा चिरा ठेवू नका. शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात पत्रा उडाला की तो चिरा कोणाच्या तरी अंगावर येतो. पत्रा हुकाने आणि तारेने वाशाला बांधलेला हवा. हे मी हुक विकतो म्हणून सांगत नाही. बरं, थोडं म्हणूनही सांगतो.

आणखी चार साध्या गोष्टी. गच्चीवरची टाकी भरून ठेवा. वीज गेली की पंप बंद, आणि रिकामी टाकी उडते, भरलेली उडत नाही. घराजवळच्या माडाचे नारळ आणि सुक्या झावळ्या आधी उतरवून घ्या. माडावर चढणारा गडी लाल इशाऱ्याच्या दिवशी मिळत नाही, त्याला पिवळ्याच्या दिवशी सांगावं लागतं. घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठ दिवसांच्या गोळ्या एका डब्यात, त्याच डब्यात आधारकार्डाची प्रत. आणि दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको : जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि समुद्रात कोणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

बागायतदार मित्रांसाठी थंडीच्या वादळाचा एक वेगळा हिशेब असतो, तोही सांगायला हवा. हापूसला मोहोर यायला पाऊस गेल्यानंतर कोरडी हवा आणि थंडी लागते. नोव्हेंबरात वादळ नुसतं समोरून गेलं, एक कौलही पडलं नाही, तरी त्याच्या मागून आलेला पाऊस आणि ढग जमिनीत ओल ठेवतात. झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. मोहोर आलेला असेल तर तुडतुडे आणि करपा. २०१९ला दिवाळीत 'क्यार' समुद्रातून गेलं, तेव्हा कापलेलं भात शेतातच भिजून त्याला कोंब आले. तेव्हा पेपरात 'वादळाचा धोका टळला' असं वाचून मुंबईला तुम्ही पान उलटता, त्याच दिवशी इथे कोणीतरी हंगामाचा हिशेब पुन्हा मांडत असतो.

आता माझं मागणं.

३ जून २०२०ला सकाळपासून माझ्या फोनवर तुमच्यापैकी किती जणांचे फोन आले असतील? मी मोजले नाहीत, पण बॅटरी दोनदा संपली. प्रत्येकाचा प्रश्न तोच : 'अरे, आई फोन उचलत नाही, जरा बघून येतोस का?' कोणाची आई खालच्या आळीत, कोणाचे बाबा शिरगावला, कोणाची मावशी भाट्याला. ही आपल्या गावाची आजची खरी स्थिती आहे. आपण शिकलो, शाळेने आपल्याला शिकवलं, आणि आपण गेलो. त्यात वाईट काही नाही. पण घरं इथेच राहिली, आणि त्या घरांत सत्तर-ऐंशीच्या पुढची माणसं एकटी राहिली. कलेक्टर कचेरीच्या यादीत किनाऱ्यावरची कच्ची घरं असतात, असायलाच हवीत. पण चिरेबंदी घरात एकटी राहणारी, गुडघे गेलेली, मोबाइल चार्ज करायला विसरणारी बाई कोणाच्याच यादीत नसते. घर पक्कं, म्हणून माणूसही पक्कं, असं धरलं जातं.

'तौक्ते'च्या वेळी आम्ही इथे राहणाऱ्या आमच्या तुकडीतल्या सहाजणांनी एक प्रयोग केला. आमच्या वर्गमित्रांच्या आईवडिलांची अकरा घरं वाटून घेतली. नारिंगी इशारा लागल्यावर प्रत्येक घरी एकदा जायचं, आणि वादळ गेल्यावर पुन्हा एकदा. मधे फोनवर विसंबायचं नाही, कारण फोन जाणारच हे धरून चालायचं. पहिल्या फेरीत करायची कामं ठरलेली : मागचं दार, टाकी, औषधं, बॅटरी, आणि रात्री झोपायचं कुठल्या खोलीत, झाडाच्या बाजूच्या की दुसऱ्या. अकरापैकी तीन घरांत आंब्याचं किंवा फणसाचं झाड नेमकं झोपायच्या खोलीवर झुकलेलं होतं. एका घरात काकूंनी आम्हाला स्वच्छ सांगितलं, 'या पलंगावर मी लग्न होऊन आल्यापासून झोपतेय, वाऱ्याला सांगा दुसरीकडे जायला.' तासभर समजावलं. शेवटी पलंगच उचलून माजघरात नेला. रात्री फणसाची फांदी कौलांतून आत आली, त्या रिकाम्या जागेवर. काकू दुसऱ्या दिवशी आम्हाला एवढंच म्हणाल्या, 'पलंग परत जागेवर ठेवा.'

मुंबईतल्या त्यांच्या मुलाला त्या रात्री काहीच कळलं नव्हतं, कारण रेंज नव्हती. सकाळी आमच्यातला एकजण जिथे रेंज मिळाली तिथवर स्कूटरने गेला आणि अकरा घरांना अकरा निरोप पाठवले : 'ठीक आहेत.' दोन शब्द. त्या दोन शब्दांसाठी मुंबईत अकरा घरं रात्रभर जागी होती.

अकरा घरं हे सहा माणसांचं काम. आज या सभागृहात कितीतरी तुकड्या बसल्या आहेत. प्रत्येक तुकडीत रत्नागिरीत राहणारे पाच-सहाजण आहेतच. प्रत्येकाने दोन घरं घेतली तर बघा काय होतं. यात पैशाचं काम फार नाही. काम आहे माहितीचं : घर कुठे, शेजारी कोण, किल्ली कोणाकडे, गोळ्या कुठल्या, जवळची डॉक्टरमंडळी कोण. ही माहिती मुलांकडे असते, म्हणजे तुमच्याकडे, आणि तुम्ही नेमके इथे नसता. शेजाऱ्याचा नंबर तुम्हाला माहीत आहे का, हे मनातल्या मनात विचारून बघा.

आणि किनाऱ्याचं विसरून चालणार नाही. आपल्या वर्गांत मिरकरवाड्याची, राजिवड्याची, कर्ल्याची मुलं आपल्याच बाकावर बसली होती. त्यांच्यातले काही आज नौकांचे मालक आहेत, काही तांडेल आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर त्यांची माणसं बाहेर असतात, तेव्हा हवामानाची बातमी घरोघरी पोहोचवण्याचं काम त्यांच्या घरच्यांनी आणि आपण मिळून करायचं आहे. आपल्या गावात हवामान खात्याची वेधशाळा आहे, आकाशवाणीचं केंद्र आहे. बातमी निघते. ती शेवटच्या घरापर्यंत आणि शेवटच्या नौकेपर्यंत जाते का, एवढंच बघायचं आहे. नौकेवर वायरलेस चालू आहे ना, लाइफ जॅकेटं खलाशांच्या संख्येएवढी आहेत ना, हे जेटीवर उभं राहून विचारायला परवाना लागत नाही.

शाळेसाठीही एक सुचवतो. वादळात गावं शाळेतच येतात, कारण सगळ्यात भक्कम इमारत तीच असते. तेव्हा मेळाव्याच्या शिलकीतून कमानीला रंग काढण्याआधी सौरदिव्यांचा एक संच, पाण्याची एक जादा टाकी आणि खालच्या मजल्यावर म्हाताऱ्यांना वापरता येईल असं एक स्वच्छतागृह, एवढं करता आलं तर बघावं. रंगही माझ्याच दुकानातून जाईल, तेव्हा यात माझा तोटाच आहे, हे लक्षात घ्यावं.

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळ बघतायत. दाराच्या डाव्या हाताला एक टेबल मांडलं आहे, तिथे वह्या ठेवल्या आहेत, तुकडीवार. जेवणाच्या रांगेत लागण्याआधी तिथे थांबा. आईवडिलांचं नाव, घराची खूण, शेजाऱ्याचा नंबर, औषधं, एवढं लिहा. ज्यांची माणसं आता इथे नाहीत, त्यांनी दुसऱ्या कोणाचं घर सांगावं, घरं कमी नाहीत. आणि रत्नागिरीत राहणाऱ्यांनी त्याच वहीत शेवटच्या पानावर आपलं नाव लिहावं, घेऊ शकाल तितक्या घरांचा आकडा टाकून. माझं लिहून झालं आहे, चार घरं. पेन दोरीने बांधलेलं आहे, आपलेच मित्र आहेत, तरीही.